मिरजोळ्याहून कल्पिटियाला : काइटबोर्डिंगच्या प्रवासाची तयारी

काइटबोर्डिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायांत फळी अडकवून पाण्यावरून धावण्याचा खेळ. काइटसर्फिंग हे त्याचेच दुसरे नाव. यात इंजिन नाही, इंधन नाही; सगळे बळ वाऱ्याचे. त्यामुळे या खेळासाठी एखाद्या उष्ण देशात जायचे ठरले की तिकीट आणि सामान यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : कोणत्या महिन्यात, कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वारा वाहतो? पतंग कोणत्या आकाराचा घ्यायचा, रजा कधी टाकायची, शिकायला किती दिवस ठेवायचे, विमा कोणता काढायचा, हे सगळे या उत्तरावर ठरते.

रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या मिरजोळ्याचा विचार केला, तर हे गाव स्वतःच उष्ण कटिबंधात, सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. औद्योगिक वसाहत आणि विमानतळाची धावपट्टी यांच्या शेजारी वसलेल्या या गावातून समुद्र काही किलोमीटरवर. दमट उकाडा, खारी हवा आणि चार महिने कोसळणारा पाऊस यांची इथल्या माणसाला जन्मापासून सवय असते. युरोपातून येणाऱ्या पर्यटकाला जी तयारी मुद्दाम करावी लागते, तिचा बराच भाग इथे आपोआप झालेला असतो. राहतो तो वाऱ्याचा अभ्यास आणि पाण्यावरचे कौशल्य. इथून सर्वांत जवळचे आणि खात्रीचे परदेशी ठिकाण म्हणजे श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे, पुत्तलम जिल्ह्यातले कल्पिटिया. ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला खुला समुद्र आणि पूर्वेला पुत्तलमचे उथळ खाजण. जगभरचे काइटबोर्डर तिथे मे ते ऑक्टोबर या काळात गर्दी करतात.

हे महिने वाचून कोकणातला माणूस थबकेल. मे संपला की रत्नागिरीत समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मिरकरवाडा बंदरातल्या नौका किनाऱ्याला लागतात. त्याच दिवसांत कल्पिटियाचा हंगाम भरात येतो, आणि गंमत अशी की दोन्हीकडे वारा एकच असतो : नैऋत्य मोसमी. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारा हा वारा कोकणात सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतो. श्रीलंकेत त्याचा पाऊस बेटाच्या नैऋत्य भागातल्या डोंगरउतारांवर पडतो. वायव्येच्या सपाट पट्टीत त्याला अडवणारे काहीच नसल्याने तो तिथून पाऊस न पाडता, पण वेगाने वाहत जातो. भारताचे दक्षिण टोक आणि श्रीलंकेचे डोंगर यांच्यामधल्या मोकळ्या वाटेत त्याचा वेग आणखी वाढतो. म्हणून कल्पिटिया श्रीलंकेच्या कोरड्या विभागात मोडते, आणि जून-जुलैत तिथे दिवसच्या दिवस कोरडा, १८ ते २५ नॉट वेगाचा वारा मिळतो. त्याच वाटेवर थोडे उत्तरेला आपले रामेश्वरम आहे. तिथेही उन्हाळी मोसमी वाऱ्यात काइटबोर्डिंग चालते, त्याचे कारण हेच.

नॉट हे वेगाचे सागरी एकक. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. साधारण वजनाच्या नवशिक्याला १२ ते २० नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३७ किलोमीटर वारा पुरतो. समुद्राकडे नुसते पाहूनही याचा अंदाज येतो. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस फुटू लागला की वारा १२ नॉटच्या आसपास पोहोचला असे समजावे. अनुभवी लोक मोबाइलवरचा आकडा आणि पाण्यावरचा फेस यांचा मेळ नेहमी घालून पाहतात.

वेगाइतकीच दिशा महत्त्वाची, आणि कोकणाची अडचण नेमकी इथे आहे. काइटबोर्डिंगला किनाऱ्याला समांतर किंवा किंचित तिरका, किनाऱ्याकडे येणारा वारा लागतो. असा वारा खेळाडूला किनाऱ्यालगत ठेवतो, आणि काही बिघडले तर हळूहळू जमिनीकडेच आणतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा सर्वांत धोक्याचा, कारण दोरी तुटली किंवा पतंग पाण्यात पडून पुन्हा उठला नाही, तर माणूस खोल समुद्रात ओढला जातो. समुद्रावरून सरळ किनाऱ्यावर आदळणाराही वाईट. तो पतंगासह माणसाला वाळूवर, खडकावर किंवा सुरूच्या बनात फेकू शकतो. रत्नागिरीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात पहाटे वाहणारे मतलई वारे पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जातात, ते वर्ज्य. पावसाळ्यातला वारा समोरून, झोताझोताने, उंच लाटांसह येतो; तोही वर्ज्य. उरतात ते फेब्रुवारी ते मे या काळातले दुपारचे खारे वारे. जमीन तापली की दोनच्या सुमारास ते वायव्येकडून तिरके येऊ लागतात आणि सूर्य कलेपर्यंत टिकतात. त्यांचा जोर बहुधा १० ते १५ नॉटच्या पलीकडे जात नाही. पट्टीच्या खेळाडूला तो कमी वाटेल, पण शिकणाऱ्याला हाच वारा चांगला.

वाऱ्याच्या बळाचे गणित मनात पक्के बसवणे हा तयारीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. पतंगावरची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १२ नॉटवरून २४ नॉटवर गेला, म्हणजे दुप्पट झाला, की ओढ चौपट होते. हवामानाच्या अंदाजात सरासरी १८ आणि झोत २६ असे लिहिलेले असेल, तर झोताच्या क्षणी ओढ सरासरीच्या दुपटीहूनही अधिक असते. म्हणून पतंगाचा आकार झोताकडे पाहून निवडायचा. साधारण ७५ किलो वजनाच्या व्यक्तीला १८ ते २२ नॉटमध्ये ९ चौरस मीटरचा पतंग योग्य. वारा १५ च्या खाली असेल तर १२ चौरस मीटरचा आणि २५ च्या वर गेला तर ७ चौरस मीटरचा. वजन कमी असेल तर आकार एक पायरी लहान. कल्पिटियाच्या मुख्य हंगामात ७ आणि ९ हे आकार सर्वाधिक वापरले जातात. १२ चा पतंग बहुतेक वेळा पिशवीतच राहतो. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत तिथे ईशान्येकडून दुसरा, सौम्य हंगाम येतो, तेव्हा मात्र मोठा पतंग हवा.

अंदाज पाहण्यासाठी विंडी आणि विंडगुरू ही दोन ॲप सर्रास वापरली जातात. ती संगणकी प्रारूपांवर चालतात. त्यांची जाळी काही किलोमीटरची असल्यामुळे मोसमी वाऱ्यासारखा विस्तृत वारा त्यांत चांगला उतरतो, पण किनाऱ्यालगतचा खारा वारा नीट पकडला जात नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर चारच्या सुमारास प्रत्यक्ष वारा अंदाजापेक्षा जास्त भरतो तो यामुळे. भारतीय किनाऱ्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे लाटा, प्रवाह आणि उंच उधाणाचे इशारे विश्वासार्ह असतात. मच्छीमार ते पाहतात, खेळाडूंनीही पाहावेत.

आता प्रत्यक्ष साधनाकडे. मकरसंक्रांतीच्या पतंगाची ओढ बोटांना जाणवते. इथली ओढ संपूर्ण माणसाला पाण्यातून उचलते, आणि या एका फरकामुळे सगळी यंत्रणा वेगळी बनली आहे. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी असते. तिच्यामुळे तो पाण्यावर पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. फ्रान्समधल्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी अशा फुगवायच्या पतंगाचे पेटंट नोव्हेंबर १९८४ मध्ये दाखल केले. १९९७ मध्ये त्यांचा विपिका हा पतंग बाजारात आला आणि हा खेळ जगभर पसरला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रात त्याच्या फॉर्म्युला काइट या वेगवान प्रकाराच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या.

पतंगापासून २० ते २५ मीटर लांबीच्या, बहुधा चार दोऱ्या खाली येतात आणि हातातल्या आडव्या दांडीला, म्हणजे बारला जोडलेल्या असतात. ओढ हातांवर येत नाही. कमरेला बांधलेल्या हार्नेसच्या आकड्यात बारचे कडे अडकवलेले असते आणि भार त्याच्यावर पडतो. बार अंगाकडे ओढला की पतंगाची ताकद वाढते, दूर ढकलला की कमी होते. भयभीत नवशिका नेमके उलटे करतो. घाबरून तो बार छातीशी घट्ट धरतो आणि पतंग त्याला अधिक जोराने ओढतो. म्हणून शिकवणीतले पहिले वाक्य बहुतेक ठिकाणी एकच असते : संकट वाटले तर बार सोडा. त्यानेही भागले नाही तर छातीसमोरचे क्विक रिलीज ढकलायचे, म्हणजे पतंग एका दोरीवर सैल पडतो. ते करूनही ओढ थांबली नाही तर शेवटची सुरक्षा दोरी सोडून पतंगाला जाऊ द्यायचे. या तीन पायऱ्या डोळे मिटून, उलटे होऊन, पाण्याखाली डोके असताना हाताला सापडल्या पाहिजेत. परदेशी जाण्याआधी घरीच हार्नेस बांधून हे शेकडो वेळा करून पाहावे. त्याला वारा लागत नाही, पाणीही लागत नाही.

आकाशातला पतंग खेळाडूच्या पुढे वाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या पाव गोलाएवढ्या जागेतच फिरू शकतो. घड्याळाची भाषा इथे सर्वत्र चालते : डोक्यावर १२, उजव्या कडेला ३, डाव्या कडेला ९. कडांवर ओढ कमी आणि समोर मध्यभागी सर्वांत जास्त. पाण्यात बसून फळी पायांत अडकवायची, पतंग १२ वर स्थिर ठेवायचा, मग तो एकदम १० किंवा २ कडे लोटायचा, की माणूस पाण्यातून उभा राहतो. ऐकायला हे दोन वाक्यांचे काम. साधायला बहुतेकांना दहा-बारा तासांची शिकवणी लागते. शिकवणीत आधी जमिनीवर पतंग हाताळणे, मग फळीशिवाय पतंगाच्या ओढीने पाण्यातून पोहणे, मग फळीवर उठणे आणि शेवटी वाऱ्याच्या विरुद्ध तिरके चढत निघालेल्या जागी परत येणे, असा क्रम असतो. शेवटची पायरी ज्याला येत नाही तो प्रत्येक फेरीनंतर किनाऱ्यावरून फळी बगलेत घेऊन चालत परत येतो. म्हणूनच आठवड्याच्या सहलीत पूर्ण नवख्याने फार मोठी अपेक्षा ठेवू नये.

मिरजोळ्याच्या माणसाने ही शिकवणी दोन टप्प्यांत घेतली तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात. पहिला टप्पा गोव्यात. उत्तर गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी मोरजी आणि त्याला लागून आश्वे इथे डिसेंबरपासून मेपर्यंत दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर काइटबोर्डिंग चालते आणि शिकवणारे प्रशिक्षकही मिळतात. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने पेडण्याला उतरून तिथे पोहोचता येते. प्रशिक्षकाकडे इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशन किंवा तत्सम मान्य संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, पाण्यात सोबत बचाव नौका असते का आणि एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे नसतील तर स्वस्त शिकवणी महाग पडते. या टप्प्यात जे शिकले त्याची नोंद प्रमाणपत्रात होते, आणि कल्पिटियात तिथूनच पुढे सुरुवात करता येते. मोरजी हे ऑलिव्ह रिडले कासवांचे विणीचे ठिकाणही आहे. घरट्यांभोवती कुंपण घातलेल्या भागापासून दूरच राहावे.

घराजवळ, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर करण्यासारखा सराव म्हणजे २ ते ३ चौरस मीटरच्या सराव-पतंगाचा. भाट्याची पुळण ओहोटीला रुंद आणि कठीण होते, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी वारा पुरेसा असतो. पतंगाच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, किमान ५० मीटर मोकळी जागा हवी. माणसे, गाड्या, विजेच्या तारा, सुरूची झाडे यांपैकी काहीही त्या जागेत नको. काजळी नदीच्या खाडीच्या मुखापासून लांब राहावे. ओहोटीत तिथला प्रवाह फार ओढतो. मिरजोळ्यात किंवा विमानतळाच्या आसपासच्या माळावर मात्र पतंग मुळीच उडवू नये. धावपट्टीवर तटरक्षक दलाची विमाने उतरतात, आणि १९३४ च्या विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत पतंगाचाही समावेश केला होता, हे अनेकांना माहीत नसते. किनाऱ्यावर सुरुवात करण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घेतलेले बरे.

शरीराची तयारी सहलीच्या आधी निदान दोन महिने सुरू करावी. सर्वांत आधी पोहणे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला पोहता येतेच असे नाही, आणि विहिरीत पोहणारा समुद्रात गोंधळू शकतो. लाटांत २०० मीटर न थांबता पोहता येणे आणि पाठीवर निवांत तरंगता येणे ही किमान अट मानावी. गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या समुद्रात पर्यटक बुडण्याच्या घटना वारंवार घडतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा प्रवाहाचे अज्ञान असते. सराव तिथे एकट्याने करू नये. पोहण्याखेरीज मांड्या, पाठ आणि पोट यांना बळ देणारे व्यायाम लागतात. उठाबशा, पुळणीवरचे धावणे आणि सूर्यनमस्कार यांनी ते उत्तम साधते. हार्नेस बरगड्यांखाली रुततो, त्यामुळे पाठीचे जुने दुखणे किंवा खांदा निखळल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांशी बोलूनच निघावे. गर्भवतींनी हा खेळ टाळावा.

ऊन हा सर्वांत कमी लेखला जाणारा धोका आहे. जूनमध्ये मिरजोळ्याचा माणूस ढगाळ, ओल्या हवेतून निघतो आणि काही तासांत लख्ख उन्हात उतरतो. कल्पिटिया ८ अंश उत्तरेला आहे. जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य तिथे डोक्यावरून जेमतेम १५ अंश कललेला असतो. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही, आणि पाण्यावरून परावर्तित किरण हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही भाजतात. सावळ्या त्वचेला सनस्क्रीनची गरज नाही हा समज चुकीचा आहे. एसपीएफ ५० चे, झिंक ऑक्साइडचे मलम दर दोन तासांनी लावावे. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा शर्ट, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी आणि दोरी असलेला गॉगल हवा. प्रवाळ असलेल्या समुद्रात ऑक्सिबेन्झोन असलेली मलमे टाळावीत. पाणी भरपूर प्यावे, त्यात मीठ-साखरेची पूड टाकावी. कोकमाचे आगळ घरून नेले तर तेच काम चवीने होते. समुद्राचे पाणी २८ अंशांच्या आसपास असल्याने जाड वेटसूट लागत नाही, पण दोन तास ओल्या अंगाने वाऱ्यात राहिल्यावर थंडी वाजते. त्यासाठी पातळ निओप्रिनचे जाकीट पुरते. आदळण्यापासून वाचवणारे इम्पॅक्ट जाकीट आणि हेल्मेट नवशिक्याने प्रत्येक वेळी घालावे.

उथळ खाजणात पायाखाली काय आहे ते पाहणे गरजेचे असते. पाकट मासे वाळूत अंग पुरून बसतात आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतात. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी अनेकांना असे दंश झाले होते. उपाय सोपा आहे : पाय उचलून न टाकता वाळूत घसटत चालावे, म्हणजे पाकट आधीच सटकतो. दंश झालाच तर पाय सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि रुग्णालयात जावे. काटा खोल रुतला असेल, विशेषतः छातीत किंवा पोटात, तर तो उपटू नये. प्रवाळाने झालेला ओरखडा किरकोळ दिसला तरी उष्ण हवेत लवकर चिघळतो. स्वच्छ पाण्याने धुऊन जंतुनाशक लावावे आणि पुढचा दिवस कोरड्यात काढावा. धनुर्वाताची लस निघण्याआधीच घेतलेली असावी. पातळ तळव्याचे समुद्री बूट या बहुतेक दुखापती टाळतात.

श्रीलंकेला जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये हिवतापमुक्त घोषित केले. डेंग्यू मात्र तिथे आहे, त्यामुळे दिवसाही डास टाळणारे मलम हवे. पुढे कधी ब्राझील किंवा केनियाचा विचार केला तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिच्या प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून भारतात परतणाऱ्याला ६ दिवस विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

सामानाचे वजन हा पुढचा मुद्दा. दोन पतंग, बार, पंप, हार्नेस आणि सुमारे १४० सेंटिमीटरची फळी मिळून वीस किलोच्या घरात जाते. विमान कंपन्यांचे खेळसाहित्याचे नियम वेगवेगळे असतात आणि लांबीची मर्यादा वजनाइतकीच आड येते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी. पहिल्या सहलीला मात्र स्वतःचे साहित्य विकत घेऊ नये. कल्पिटियातल्या शाळांत सर्व आकारांचे पतंग भाड्याने मिळतात, आणि शिकताना पतंगाचा आकार रोज बदलतो. स्वतःचे घ्यायचेच तर हार्नेस घ्यावा, कारण दुसऱ्याच्या मापाचा हार्नेस बरगड्या सोलून काढतो. महागडे साहित्य घेऊन जात असाल तर निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ते सामान नव्याने आणलेले समजून शुल्क मागितले जात नाही.

उष्णतेत पतंगाची काळजी वेगळी घ्यावी लागते. भर उन्हात घट्ट फुगवून ठेवलेल्या पतंगातली हवा प्रसरण पावते आणि आतला फुगा फुटतो. म्हणून विश्रांतीला बसताना थोडी हवा सोडावी किंवा पतंग सावलीत ठेवावा. झडपांचा गोंदही उष्णतेने सुटतो. दुरुस्तीची चिकटपट्टी, गोंद, एक जादा झडप आणि दोऱ्या कापण्याचा आकडेदार चाकू सोबत हवा. चाकू विमानात हातातल्या पिशवीत नेता येत नाही, तो मोठ्या सामानात जातो.

पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरलेली असावी. श्रीलंकेसाठी ईटीए हा ऑनलाइन प्रवेश परवाना निघण्यापूर्वी काढावा. त्याचे नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे, दलालाच्या नाही. विम्याच्या बाबतीत घाई करू नये. सर्वसाधारण प्रवास विम्यातून साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. काइटसर्फिंग हा शब्द पॉलिसीच्या समाविष्ट खेळांच्या यादीत छापलेला आहे का, आणि रुग्णाला विमानाने घरी आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे दोन्ही कागदावर दिसले तरच हप्ता भरावा.

मिरजोळ्याहून निघण्याची वाट मुंबईमार्गे किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळामार्गे जाते. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर चालते. गाड्या हळू धावतात आणि दरड कोसळली तर तासन्‌तास खोळंबतात. मुंबई-गोवा महामार्गावरचे घाटही पावसात बेभरवशाचे. त्यामुळे या दिवसांत विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावे. मुंबई ते कोलंबो विमान सुमारे अडीच तासांचे. कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावरून कल्पिटिया रस्त्याने साधारण तीन तासांवर. परतीच्या बाजूलाही एक दिवस मोकळा ठेवावा.

तिथे पोहोचल्यावर पहिला दिवस पाहण्यात घालवावा. वारा कधी भरतो, लोक कुठून उतरतात, कोणत्या भागात मच्छीमारांची जाळी आणि खुंट आहेत, हे स्थानिक प्रशिक्षकाला विचारून घ्यावे. कल्पिटिया हे आधी मच्छीमारांचे गाव आहे. कोकणातल्या माणसाला जाळ्याची किंमत सांगावी लागत नाही; दोरी अडकलेले जाळे कापून पळणे हा तिथे अक्षम्य अपराध मानला जातो आणि मानला जावाच. भरती-ओहोटीच्या बाबतीत मात्र रत्नागिरीचा अनुभव उपयोगी पडत नाही. इथे उधाणाच्या दिवसांत पाणी अडीच-तीन मीटर चढ-उतार करते. श्रीलंकेत तो फरक एक मीटरहूनही कमी असतो, त्यामुळे खाजणाची खोली दिवसभर जवळपास सारखीच राहते. झांझिबारच्या पाजे किनाऱ्याला जाणाऱ्याला याच्या उलट अनुभव येतो. तिथे ओहोटीला समुद्र शेकडो मीटर मागे हटतो आणि उघड्या पडलेल्या तळावर काइटिंग शक्य नसते. तिथे दिवसाची आखणी भरतीच्या तक्त्यावरूनच करावी लागते.

पाण्यावर वाहतुकीचेही नियम आहेत. समोरासमोर येणाऱ्या दोघांपैकी ज्याचा उजवा हात पुढे आहे त्याला वाट मिळते. पुढच्याला मागून गाठणाऱ्याने बाजूने जायचे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्याने पतंग उंच ठेवायचा आणि खालच्याने खाली. पतंग पाण्यात पडून उठत नसेल तर त्याला सोडून पोहत निघू नये. दोऱ्या बारवर गुंडाळत पतंगापर्यंत जावे, त्याचे एक टोक धरून त्यालाच शिडासारखे वापरावे आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्याला यावे. तरंगणारा रंगीत पतंग बचाव करणाऱ्यांना दुरून दिसतोही. ही स्व-बचावाची रीत गोव्यातल्या शिकवणीतच खोल पाण्यात करून घेतलेली असावी. श्रीलंकेत रुग्णवाहिकेचा क्रमांक १९९० आहे. भारताच्या मदतीने २०१६ मध्ये सुरू झालेली सुवा सेरिया ही मोफत सेवा त्यावर मिळते. भारतीय किनाऱ्यावर समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. दोन्ही क्रमांक जलरोधक पिशवीतल्या फोनमध्ये आणि सोबत्याकडेही असावेत, आणि नजरेत कोणी नसताना पाण्यात उतरू नये.

परतल्यावरची कामे थोडी पण निकडीची. साहित्य गोड्या पाण्याने धुतलेले असले तरी रत्नागिरीच्या जुलैत ते बंद पिशवीत ठेवले की काही दिवसांत बुरशी धरते. पतंग पंख्याखाली उलगडून पूर्ण वाळवावा, दोऱ्या मोकळ्या कराव्यात आणि मगच घडी घालावी. परतीनंतर दोन आठवड्यांत ताप आला तर तो प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढू नये. पावसाळ्यात रत्नागिरीतही डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस असतात, त्यामुळे डॉक्टरांना प्रवासाची ठिकाणे, तारखा आणि कोणत्या पाण्यात उतरलो होतो हे स्वतःहून सांगून रक्त तपासून घ्यावे.